त्यांना आजच्या पट्टीत गाऊ द्या

नव्वदच्या दशकातल्या इंडिपॉपवाल्यांचे शो हल्ली शहराशहरांतून फिरतात. कधी एकट्या लकी अलीचा, कधी पाच-सहा जणांचा एकाच तिकिटात. तुम्ही १९९५ साली अलिशा चिनॉयची ‘मेड इन इंडिया’ वाजवून वाजवून कॅसेटची फीत ओढून काढली असेल, ‘ओ सनम’साठी चॅनल बदलू दिला नसेल, तर तुम्ही जाणारच. जाच. पण जाण्याआधी चार गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट तिकीट काढण्याआधीची. पोस्टरवर नाव कोणाचं आहे आणि प्रत्यक्ष गाणार कोण, हे विचारा. बँडच्या बाबतीत तर नक्कीच. बोनी एमचंच घ्या. हे नाव आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरवाल्या घरांना नव्याने सांगायला नको. स्टेजवर बेभान नाचणारा बॉबी फॅरेल सगळ्यांना आठवतो, पण रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज त्याचा नव्हताच. तो निर्माता फ्रँक फारियानचा. बायकांचे आवाज मुख्यतः लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेटचे. पुढे गट फुटला आणि जुने सदस्य आपापला ताफा घेऊन त्याच नावाने जगभर फिरू लागले. त्यात फसवणूकच असते असं नाही, पण आपण पैसे कोणासाठी मोजतोय ते कळलेलं बरं. मूळ गायक आहे का, गटातला कोण आहे, किती गाणी गाणार, असं आयोजकाला सरळ विचारायचं. उत्तर गोलमोल आलं, तर समजून जायचं.

आता मुख्य मुद्दा, आवाजाचा. पंचविशीत गायलेलं गाणं साठीत त्याच पट्टीत गाता येत नाही. वयाबरोबर स्वरतंतूंचा लवचीकपणा कमी होतो, दम पुरत नाही. बायकांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर बहुधा खाली उतरतो. शहाणा गायक मग काय करतो? काळी चारमधलं गाणं काळी दोनमध्ये घेतो. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं की झालं, गिटारवाल्याची जरा कसरत होते. अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ आली की माइक हळूच प्रेक्षकांकडे वळतो. आपण जिवाच्या आकांताने ओरडतो, आणि गायक तेवढ्यात श्वास भरून घेतो. ही युक्ती ओळखा आणि मनापासून ओरडा. ते तुमचं त्या दिवशीचं काम आहे. घरी येऊन ‘आवाज गेला हो त्याचा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बालगंधर्व साठीच्या घरात साडी नेसून उभे राहत, तेव्हा समोर बसलेल्या आपल्याच आजोबा-पणजोबांना वय दिसत नव्हतं असं थोडंच आहे? दिसत होतं, आणि तरी ते बसत होते.

मात्र पट्टी उतरवणं वेगळं आणि कॅसेट लावून ओठ हलवणं वेगळं. पहिल्याला दाद द्या, दुसऱ्याला देऊ नका. ड्रमरच्या कानात हेडफोन आणि बाजूला लॅपटॉप दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नका. तालाची टिकटिक आणि व्हायोलिन-कोरसचे थर ट्रॅकवरून येतात आणि वादक त्यांच्यासोबत वाजवतात, हे आता सर्रास चालतं. बघायचं ते गायकाचं तोंड. माइक हातभर लांब गेला तरी आवाज तसाच? प्रत्येक हरकत कॅसेटवरच्यासारखी तंतोतंत? मग गाणं डब्यातलं आहे. खरा गाणारा मध्येच हसतो, शब्द विसरतो, ओळ लांबवतो. अशी एखादी चूक कानावर पडली, तर खुशाल समाधान माना.

आणखी एक गंमत या पिढीच्या गाण्यांची. आपल्या आठवणीतलं अर्धं गाणं म्हणजे व्हिडिओ असतो. लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण, इजिप्तच्या वाळूत फिरणारा लकी अली, पाण्याखालची ‘डूबा डूबा’. चॅनल व्ही आणि एमटीव्हीने हे आपल्या डोळ्यांत भरलं. पुढे त्याच वाहिन्या सिनेमाच्या गाण्यांकडे आणि रिमिक्सकडे वळल्या, एमपीथ्रीने कॅसेटचा धंदा बसवला, आणि ही मंडळी पडद्यावरून दिसेनाशी झाली. आवाज तेव्हा संपले नव्हते, दुकान बंद झालं होतं. आता स्टेजवर मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तेच जुने तुकडे चालू असतात आणि लोक पडद्याकडे बघत बसतात. अहो, माणूस खाली उभा आहे! आणि मोबाइल एका गाण्यापुरता वर धरा. मागच्याने तुमचं मनगट बघायला पैसे दिलेले नाहीत.

वेळेचंही सांगतो. मोकळ्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आहे. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण तुमचा शो त्यातच असेल या भरवशावर राहू नका. बडं नाव शेवटी ठेवायचं, म्हणून ज्यांचं एकच गाणं गाजलं ते सुरुवातीला, उन्हं उतरायच्या आत, अर्ध्या रिकाम्या मैदानासमोर गाऊन जातात. नेमकं तेच एक गाणं तुमच्या कॉलेजचं असू शकतं. तेव्हा पार्किंगची रडकथा न सांगता वेळेवर पोचा आणि त्यांनाही मोठ्यांइतक्याच टाळ्या द्या.

तिकिटाच्या वर्गाचंही भान ठेवा. स्टेजला खेटून असलेला फॅन पिट महाग असतो आणि तिथे खुर्ची नसते. चार तास उभं राहणं गुडघ्यांना झेपणार नसेल, तर सोबत सासूबाई असोत-नसोत, बसायची जागा घ्या. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी जास्तीत जास्त १०० डेसिबल सांगितली आहे, आणि मैदानात ती मोजत बसणारा कोणी नसतो. इअरप्लग खिशात ठेवा. गाणं तरीही नीट ऐकू येतं.

आणि शेवटी नव्या गाण्याचं. शो रंगात आला की गायक जरा संकोचून म्हणतो, ‘आता एक नवीन गाणं ऐकवतो.’ त्या क्षणी मैदान उठून वडापावच्या रांगेकडे निघतं. स्टेजवरून ते स्पष्ट दिसतं. जो माणूस तीस वर्षं तीच तीन गाणी गातोय, त्याला चौथं गायचं असतं. बसून राहा. पाचेक मिनिटांचा मामला आहे, वडापाव नंतरही मिळेल. गाणं आवडलं नाही तर टाळ्या वाजवू नका, पण ऐकून मग ठरवा.