यीस्टची पेशी आणि देशाची तिजोरी

मे २०२१ मध्ये कोविडच्या पाठोपाठ काळ्या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रात थैमान घातले, तेव्हा अँफोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी रुग्णांच्या नातेवाइकांना दारोदार हिंडावे लागले. चर्चा झाली ती उत्पादन, वाटप आणि काळ्या बाजाराची. बुरशीवरील औषधे मुळातच इतकी थोडी का, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याचे एक कारण असे की, बुरशीची पेशी माणसाच्या पेशीशी बरेच साम्य राखते. जे तिला मारते ते आपल्यालाही अपाय करू शकते. परंतु हेच साम्य संशोधनास उपकारक ठरते. पाव फुगविणारे यीस्ट ही एक बुरशीच. आपल्या पेशींप्रमाणे तिच्यातही काही प्रथिने पेशीपटलाला एका मेद-शर्करायुक्त नांगराने जखडलेली असतात. हा नांगर अनेक विकरे टप्प्याटप्प्याने घडवितात. यीस्ट स्वस्त आहे, दीड-दोन तासांत दुप्पट होते आणि तिच्या सुमारे ६,००० जनुकांचा आराखडा १९९६ पासून उपलब्ध आहे. एकेक विकर निकामी करून काम कोठे अडते, हे तिच्यात पाहता येते. १९९० च्या दशकात इलिनॉय आणि फ्रीबुर्ग येथील विद्यापीठांत हेच चालले होते. त्यातून औषध निघेल, याची हमी कोणीही देऊ शकला नसता.

पुढे जपानच्या एसाई कंपनीच्या संशोधकांनी यीस्टमधील अशा एका विकराचे जनुक २००३ मध्ये उजेडात आणले. ते विकर रोखणारे द्रव्य माणसाच्या समकक्ष विकराला धक्का लावत नाही, हे त्यातील मर्म. त्याच वाटेवरील फॉस्मॅनोजेपिक्स या औषधाची, रक्तात शिरलेल्या कॅन्डिडा बुरशीविरुद्धची, तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. काळ्या बुरशीवर ते रामबाण ठरेल असे नव्हे. पण एका शोधापासून या टप्प्यापर्यंत एकवीस वर्षे लागली, हे ध्यानी घ्यावे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा येथेच येतो. मूलभूत ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो, म्हणून त्याचा खर्च सोसण्यास एकटा उद्योजक पुढे येत नाही. नफा दिसू लागला की तो येतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र साखळीतील पहिली कडी सरकारलाच घडवावी लागते. आपल्याकडे संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची योजना आखली गेली. त्यांपैकी सुमारे ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार आदींकडून अपेक्षिले गेले. हा पैसा आला तरी तो यीस्टच्या पेशीकडे वळेल काय, ही शंका रास्त आहे. तो फळे लागलेल्या झाडाकडे जाईल; रोपाला पाणी कोण घालणार?

म्हणून अर्थसंकल्पातील रक्कम प्रथम अशा निरुपयोगी भासणाऱ्या कामांना, दीर्घ मुदतीने आणि वेळेवर मिळाली पाहिजे. विद्यापीठातील प्रयोगशाळेला तीन वर्षांत औषध मागणे म्हणजे पेरणीच्या दिवशी कापणीचा हिशेब मागणे होय. साथीच्या काळात औषधासाठी धावाधाव होतेच; ती टाळण्याची संधी वीस वर्षे आधी असते.