कळवले, पण कळले काय?

१९९१ मध्ये सोमालियातील राज्यव्यवस्था कोसळली आणि यादवी युद्धाने लाखो कुटुंबे देशोधडीस लागली. त्यांतील अनेक स्वीडन, नॉर्वे, ब्रिटन आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात स्थिरावली. तेथील रुग्णालये सुसज्ज आहेत; गर्भवतींसाठी सोमाली भाषेत पत्रकेही छापली जातात. परंतु पत्रक हाती पडले म्हणजे माहिती मनात उतरली, असे होत नाही.

सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. काव्य आणि वंशावळी या समाजाने शतकानुशतके मुखपरंपरेने जपल्या. पुढे युद्धामुळे कित्येक मुलींची शाळाही सुटली. अशा स्त्रीला छापील ओळीपेक्षा विश्वासू व्यक्तीच्या तोंडचा शब्द जवळचा वाटतो.

शिवाय प्रश्न केवळ भाषेचा नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तर आपण दगावू, ही भीती अनेकींच्या मनात खोल रुजलेली असते. म्हणून बाळ लहान राहावे आणि प्रसूती सुलभ व्हावी, या हेतूने काही जणी गरोदरपणी आहारच कमी करतात. परिचारिकेला ती हट्टी वाटते. वस्तुतः ती आपला जीव जपत असते. तिला नुसते ‘भरपूर खा’ असे सांगून काय साधणार? आधी तिची भीती ऐकून घ्यावी लागते.

औषधांचेही तसेच. उत्तरेकडील अपुऱ्या उन्हामुळे तिला ‘ड’ जीवनसत्त्व घेण्यास सांगतात. पण कॅप्सूलचे जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, ही शंका आली की ती बाटली तशीच राहते. आहाराचे नियम पाळणाऱ्या कोणत्याही घराला ही शंका परकी नाही.

पती किंवा मुलगा दुभाषी झाला, तर रक्तस्रावाविषयी किंवा बालपणी झालेल्या सुंतेविषयी ती कसे बोलणार? त्यासाठी प्रशिक्षित स्त्री दुभाषीच हवी. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात स्थलांतरित समाजांतील स्त्रियांनाच शिकवून प्रसूतिसमयी सोबतीण म्हणून पाठविले जाते, ते याच जाणिवेतून.

‘समजले ना?’ या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ असेच उत्तर येते. त्याऐवजी, ‘तीव्र डोकेदुखी झाली, दृष्टी अंधुक झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर आपण काय कराल?’ असे विचारावे. तिने स्वतःच्या शब्दांत उत्तर दिले, तरच माहिती पोहोचली असे मानावे.