विश्लेषण : हरवलेल्या मुलाचा फोटोच नसेल तर? ‘सिद्धार्थ’ चित्रपटातल्या आई-बापाचे दुःख काय सांगते?

मूल हरवल्याची तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस ठाण्यात पहिल्यांदा मागतात तो फोटो. रिची मेहता दिग्दर्शित ‘सिद्धार्थ’ (२०१३) या हिंदी चित्रपटातल्या बापाकडे तोच नाही. एका गरीब घरातल्या शोधाची ही गोष्ट आज पुन्हा पाहताना एक प्रश्न पडतो : पोर्टल आली, चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर आली, मग अशा घरासाठी नेमके काय बदलले?

चित्रपट कशाबद्दल आहे?

महेंद्र (राजेश तैलंग) दिल्लीतला चेनवाला. गल्लोगल्ली हिंडून बॅगांच्या, कपड्यांच्या बिघडलेल्या चेन दुरुस्त करायच्या, हीच त्याची कमाई. घरी बायको सुमन (तनिष्ठा चॅटर्जी) आणि धाकटी मुलगी पिंकी. भागत नाही म्हणून १२ वर्षांच्या सिद्धार्थला लुधियानाच्या कारखान्यात कामाला पाठवले जाते. दिवाळीला तो घरी यायचा असतो. येत नाही.

यात अपहरणाचा थरार नाही, चतुर इन्स्पेक्टर नाही. शोधाचा खर्च आहे. लुधियानाला जायचे तर तिकिटाचे पैसे हवेत आणि जितके दिवस शोध, तितके दिवस कमाई बंद. मुलगा हरवल्याचे दुःख करायलाही या माणसाला उसनवारी करावी लागते. हरवलेल्या मुलांवरच्या बहुतेक मालिकांमध्ये पालकांना नोकरी सोडून भिंतीवर नकाशे चिकटवत बसायची सोय असते, त्या पार्श्वभूमीवर हा फरक डोळ्यांत भरतो.

‘डोंगरी’ कुठून आली?

दिल्लीत एका रिक्षाचालकाने मेहता यांना ‘डोंगरी’ नावाची जागा कुठे आहे, असे विचारले होते. त्याचा मुलगा हरवला होता आणि मुलगा तिथे असावा असे त्याच्या कानावर आले होते. तो प्रवाशांना हेच विचारत असे. मेहता यांना ते नाव इंटरनेटवर लगेच सापडले. चित्रपटाचे बीज तिथले.

मुंबईकराला यात वेगळेच काही टोचते. आपल्याकडे ‘डोंगरी’ म्हटले की उमरखाडीचे बालगृह आठवते; खोडकर मुलांना त्याच नावाने धाक घातला जातो. दिल्लीतला बाप मात्र ती जणू परीकथेतली जागा असल्यासारखी शोधत राहतो. शिवाय डोंगरी एकच नाही, भाईंदरजवळ उत्तनलाही आहे. सर्च बॉक्समध्ये नाव टाकणे सोपे. ते कोणत्या राज्यातले हेच माहीत नसेल, इंग्रजीत लिहिताही येत नसेल, तर तो बॉक्स बंद दारासारखाच असतो.

कायदा काय सांगतो?

ज्या वर्षी हा चित्रपट व्हेनिसमध्ये दाखवला गेला, त्याच वर्षी, १० मे २०१३ रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : मूल हरवल्याच्या तक्रारीत अपहरण किंवा मानवी तस्करीची शक्यता गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. आधी दोन दिवस वाट पाहा, मित्राकडे गेला असेल, हे चालणार नाही. मूल लुधियानात हरवले आणि आई-बाप दिल्लीत असले तरी ‘झिरो एफआयआर’ करता येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची स्पष्ट तरतूद आहे. १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक आहेच.

तंत्रज्ञानाने किती फरक पडला?

एप्रिल २०१८ मध्ये मोठी बातमी आली होती. दिल्ली पोलिसांनी बालगृहांमधल्या सुमारे ४५ हजार मुलांचे चेहरे सॉफ्टवेअरने ताडून चार दिवसांत २,९३० मुले ओळखली. तेव्हा ती सगळीकडे शेअर झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयात याच प्रणालीची अचूकता दोन टक्के असल्याचे सांगण्यात आले आणि २०१९ मध्ये ती मुलगा-मुलगी यांतही गफलत करते, असे समोर आले. ही बातमी फारशी फिरली नाही. अभियांत्रिकी शिकलेल्या कुणालाही याचे नवल वाटू नये : चार वर्षांपूर्वीच्या धूसर फोटोशी आजचा वाढलेला चेहरा जुळवणे अवघडच. आणि फोटोच नसेल, तर जुळवायचे कशाशी?

उलट उदाहरणही आहे. २०२१ मध्ये नागपुरात शाळेसाठी एका मुलाचे आधार काढायला घेतले, तर अर्ज नाकारला गेला. त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते. त्यावरून जबलपूरचे घर सापडले, तेही दहा वर्षांनी. पण इथे यंत्रणा मुलाला शोधत नव्हती. हरवण्यापूर्वी कधीतरी त्याची नोंद झाली होती, एवढेच.

सिद्धार्थचे नेमके उलटे आहे. शाळा सुटलेली, आणि १२ वर्षांच्या मुलाची नोंद कारखाना ठेवणार तरी कशी, ती ठेवली तर मालकच अडकणार. तो घरापासून हरवला दिवाळीत, कागदावरून त्याच्या कितीतरी आधी. माझ्या मते चित्रपटातली खरी भीषण गोष्ट ही आहे.

मग पहिली अडचण कुठे आहे?

चित्रपटात महेंद्र तक्रार द्यायला जातो तेव्हा मदतीआधी बोलणी खातो : एवढ्याशा मुलाला कामाला पाठवलेच कसे? प्रश्न चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. तो ऐकून दुसरा एखादा बाप उंबऱ्यावरूनच परत फिरेल किंवा मुलगा ‘मामाकडे गेला होता’ असे सांगेल. मग कारखान्याचा पत्ता तक्रारीत येणारच नाही आणि शोध जिथून सुरू व्हायला हवा तीच जागा निसटेल.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीविरोधी कायद्यात पहिल्या वेळी पालकांना शिक्षा नाही. ही भीती घेऊन आलेल्या आई-बापाला ठाणे अंमलदाराने आधी हे सांगावे, मग कारखाना, मुकादम, सोबत नेणारा माणूस, सगळे विचारावे. यासाठी नवे पोर्टल लागत नाही.