म्हादईच्या नकाशावर गावाची नावे कोण लिहिणार?

म्हादईचे आकडे सीमाभागात सर्वांना पाठ आहेत. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. पण पाणी कोणत्या उतारावरून कुठे वळते हे दाखवणाऱ्या स्थलनिर्देशक नकाशाकडे आपण समाज म्हणून कधी लक्ष दिले?

खानापूर तालुक्यातले कणकुंबीच घ्या. तिथली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईत, म्हणजे पुढे मांडवीतून अरबी समुद्रात. दोहोंमध्ये एक डोंगरकणा, आणि सगळा तंटा त्यावरचा. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर साधारणपणे दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. दोन रेषांमधली घळ, झरा त्यात हरवतो. शिवाय दाट रानात विमानातून काढलेल्या छायाचित्रात झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नाही. लेसरचे काही किरण पानांच्या फटींतून खाली पोचतात, म्हणून आता ती पद्धत आली आहे. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने डोंगराळ भागाची उंची २०३० पर्यंत १ ते ३ मीटर इतक्या बारकाईने मोजण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. भीमगडचे रानही त्यात आलेच.

लेसर उंची सांगेल, नाव सांगणार नाही. नावे गावात विचारूनच घ्यावी लागतात. गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर ही नावे उताऱ्यावर कन्नडमध्ये, नकाशावर इंग्रजीत आणि घरात आपल्या उच्चारात. एका अक्षराच्या फरकाने कर्जाचे कागद परत जातात, हे आम्ही बँकेतली माणसे रोज पाहतो. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले. तिथल्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचा तर आपली वहिवाटीची हद्द दाखवावी लागते. नकाशात नाव नसलेला पाणवठा कागदावर दाखवायचा कसा?

फलकावरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. ओढ्यांच्या नावांसाठी मात्र एक निवेदनही नाही! ज्यांची मुळे त्या गावांत आहेत अशी कितीतरी घरे बेळगावात आहेत. त्यांनी या उन्हाळ्यात गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून ओढे, झरे, पाऊलवाटा, देवराया यांची नावे लिहून घ्यावीत. कन्नड लिपीतही लिहावीत, आमची हरकत नाही. उच्चार तेवढा गावाचा हवा. ज्येष्ठांचे लेखी जबाब वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतात, तेही त्याच फेरीत घेता येतील. यादीला ग्रामसभेचा ठराव जोडून एक प्रत तहसीलदारांना आणि एक सर्वेक्षण विभागाला पावसाळ्यापूर्वी पोचावी.