अहवाल बँकेचा, पैसे खरेदीदाराचे

बालाघाटात जुने घर घेणारा कर्जासाठी बँकेत अर्ज करतो, तेव्हा दोन माणसे कामाला लागतात. वकील मालकीचे कागद तपासतो आणि बँकेच्या यादीतला व्हॅल्युअर घर बघून येतो. फी बहुधा खरेदीदाराच्याच माथी पडते. अहवाल मात्र बँकेच्या फायलीत जातो. अमेरिकेत खरेदीदार स्वतःचा घरतपासनीस नेमतो. आपल्याकडे तो व्यवसाय मोठ्या शहरांबाहेर फारसा रुजलेला नाही. त्यामुळे रजिस्ट्रीआधी त्या भिंतींकडे जाणकार नजरेने पाहणारा आणि विक्रेत्याशी देणेघेणे नसलेला माणूस बहुतेक वेळा एकच असतो, तो हा व्हॅल्युअर. त्याला जे दिसले ते खरेदीदाराला लेखी मिळावे, आणि ढोबळ चूक झाली तर त्याची जबाबदारी खरेदीदारापर्यंत पोचावी, असे माझे म्हणणे आहे.

कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 सांगते, की विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. लपवला तर ते कपट. पण कलमाची सुरुवातच ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशी आहे, आणि रजिस्ट्रीत ‘जशी आहे तशी’ हे शब्द घालायला कितीसा वेळ लागतो? शिवाय ओलीवर नवा गिलावा आणि रंग चढल्यावर विक्रेत्याला ती ठाऊक होती, हे सिद्ध करायचे कसे? रेराच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करावा लागतो. मात्र हे बंधन प्रवर्तकावर आहे. वीस वर्षे राहून घर विकणाऱ्या निवृत्त गृहस्थाला ते लागू नाही.

व्हॅल्युअरची जबाबदारी खरेदीदारापर्यंत पोचते का, हाच प्रश्न 1989 मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आला होता. एका बाईंनी नॉर्विचमध्ये छोटे घर घेतले. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेयरने महत्त्वाच्या दुरुस्तीची गरज नाही, असे लिहिले होते. धुराड्याचा खालचा भाग आधीच काढून टाकलेला, म्हणजे वरच्या धुराड्याला आधारच नव्हता. दीडेक वर्षात विटा छत फोडून खाली आल्या. आम्ही जबाबदार नाही, असे अर्जावर छापलेले होते. न्यायाधीशांनी ते मानले नाही: पैसे खरेदीदाराचे, विसंबणार तोच, आणि तो विसंबणार हे सर्व्हेयरलाही ठाऊक. सोबतच्या दुसऱ्या खटल्यात तर अहवाल खरेदीदारांना दाखवलाही नव्हता. तरी जबाबदारी टळली नाही. हा दंडक सामान्य किमतीच्या घरांना समोर ठेवून घातला गेला, हे बालाघाटसारख्या गावी विशेष महत्त्वाचे.

व्हॅल्युअर किंमत पाहतो, मजबुती नव्हे, हा आक्षेप अर्धाच खरा. कॉलमला तडा गेलेल्या घराची किंमत तडा न पाहता कशी ठरेल? गच्चीवर गेलो नाही, पाया पाहिला नाही, असे त्याने खुशाल लिहावे. मग खरेदीदाराला आपला मिस्त्री कुठे न्यायचा ते कळेल. जबाबदारी आली की प्रामाणिक माणूसही भीतीने काम सोडेल, ही शंका अधिक वजनदार आहे. इथे फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक सोडता कामा नये. मालकीबाबत चुकीचे मत दिले एवढ्यावरून बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला कटात गोवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये के. नारायण राव प्रकरणात सांगितले. व्हॅल्युअरलाही तेच संरक्षण असावे. तुरुंग नको, भरपाई हवी; तीही विमा घेऊन पेलता येईल अशा मर्यादेत. फी थोडी वाढेल, हे मान्य. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा घेणाऱ्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहक ठरतो. मात्र बँकेने अहवाल फायलीतच ठेवला तर खरेदीदार स्वतःला लाभार्थी कसा म्हणवणार, असा युक्तिवाद समोरचा वकील करणारच. म्हणून सुरुवात कर्जाच्या अर्जापासून व्हावी: फीच्या पावतीसोबत अहवालाची प्रत, रजिस्ट्रीच्या तारखेआधी.