संगणकाशी गट्टी : माळ्यावरची जुनी विंडोज



नागपूरच्या उत्तर भागात जरीपटका नावाची वस्ती आहे. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण, हे तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबं इथे स्थायिक झाली. त्यामुळे या वस्तीत मराठी आणि हिंदीबरोबर सिंधीही कानावर पडते. आज आपण इथलं लग्नपत्रिका छापणारं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणू या. दुकान कल्पनेतलं आहे, पण त्याची अडचण अगदी खरी आहे. उद्या ती तुमच्या घरीही येऊ शकते.

समजा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची देखभाल थांबवली. ज्यांनी वेगळी नोंदणी केली, त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर मिळण्याची सोय ठेवली. दुकानदारकाकांनी विचार केला, कशाला उगाच कटकट? त्यांनी सरळ विंडोज ११ घालून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, प्रिंटर मुका! लग्नसराई तोंडावर, पत्रिका अडकलेल्या. शेजारचा दादा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू आणि जुनीच टाकू."

थांबा! फॉरमॅट मारण्याआधी, हे झालं कशामुळे ते पाहू या.

प्रिंटर मुका का झाला?

कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातली कर्ती बाई. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचं काम आधी करायचं, हे सगळं तीच ठरवते. पण प्रिंटरची भाषा तिला येत नाही. दोघांच्या मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. घरची कर्ती बदलली की जुन्या दुभाष्याला तिचं बोलणं कळेलच असं नाही. बिचारा प्रिंटर धडधाकट असतो, पण त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नाही.

म्हणून पहिला उपाय मागे जाण्याचा नाही, नवा दुभाषा शोधण्याचा आहे. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिला असेल, तर दहा मिनिटांत काम फत्ते. पण प्रिंटर फार जुना असेल, तर कंपनी नवा ड्रायव्हर लिहीत बसत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांची येते. ३२ बिटांसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिच्यावर चालतच नाही. अशा वेळी मागे जावंसं वाटलं, तर त्यात चूक काहीच नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनीही हे केलेलं आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा पुष्कळांचे जुने प्रिंटर आणि स्कॅनर तिच्याशी जुळेनात. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या आवृत्त्या घेणाऱ्यांना जुन्या एक्सपी प्रोफेशनलवर परत जाण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातच होता. अनेक कार्यालयांनी तो वापरला.

माळ्यावरचं गाठोडं

आता गंमत ऐका. आहे त्या विंडोजवरच नवी चढवली, म्हणजे अपग्रेड केलं, तर जुनी लगेच फेकून दिली जात नाही. तिचं गाठोडं बांधून कॉम्प्युटर ते जणू माळ्यावर टाकतो. त्या फोल्डरचं नाव 'विंडोज डॉट ओल्ड'. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात रिकव्हरी आणि त्यात 'गो बॅक' असं बटण असतं. ते दाबलं की गाठोडं खाली उतरतं आणि जुनी विंडोज पुन्हा कारभार पाहू लागते.

पण हे गाठोडं कायमचं नसतं. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मागे फिरायला ३० दिवस मिळत. २०१६ पासून ही मुदत १० दिवसांवर आली, आणि विंडोज ११ लाही तीच आहे. मुदत संपली की कॉम्प्युटर माळा झाडून घेतो. गाठोडं भंगारात! जागा कमी पडते म्हणून आपणच ते फोल्डर पुसून टाकलं, तरी परतीची वाट बंद होते.

त्यानंतर उरतो तो दादाचा उपाय, फॉरमॅट. म्हणजे पाटी स्वच्छ पुसायची आणि पहिल्यापासून सगळं लिहायचं. फोटो, पत्रिका, हिशेब, सगळं जातं. दुसरीकडे प्रत ठेवलेली असेल, तेवढंच वाचतं.

मागे जाताना काय सुटतं?

गाठोड्यातून परत गेलात, तर तुमच्या फाइली साधारणपणे जागेवर राहतात. मात्र नवी विंडोज आल्यावर घातलेले प्रोग्रॅम जातात, बदललेली सेटिंग्जही जातात. फाइली राहिल्या तरी त्या उघडतील का, हा आणखी वेगळाच प्रश्न. पत्रिकावाल्या काकांचं रोजचं हत्यार म्हणजे कोरल ड्रॉ. त्याच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. म्हणून 'सेव्ह ॲज' करताना जुनी आवृत्ती निवडून एक प्रत ठेवावी लागते. ती मागे जाण्याआधीच ठेवायला हवी, नंतर नाही!

"मग सरळ एक्सपीच घालू, तिच्यावर सगळं चालायचं!" असं म्हणणारेही भेटतात. एक्सपी आली २००१ मध्ये. आजच्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांना एक्सपीसाठी दुभाषे मिळणं कठीण. म्हणजे प्रिंटर बोलू लागेल आणि दुसरंच काहीतरी मुकं होईल!

एक्सपीची दुसरी अडचण जरीपटक्यात चटकन लक्षात येईल. सिंधीत चार उच्चार असे आहेत, की ते करताना श्वास आत ओढला जातो. मराठीत ते नाहीत. देवनागरीत सिंधी लिहिताना ते ॻ, ॼ, ॾ आणि ॿ असे लिहितात. नीट पाहा, ग, ज, ड आणि ब यांच्या खाली एकेक रेघ आहे.

जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी एक यादी आहे, तिचं नाव युनिकोड. तिच्यात आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. या चार सिंधी अक्षरांना तिच्यात जागा मिळाली २००६ मध्ये. आपल्या रुपयाच्या ₹ या चिन्हाचंही असंच. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी काढलेलं हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी त्याला ८३७७ हा क्रमांक मिळाला. २००१ साली एक्सपीबरोबर आलेल्या फॉन्टमध्ये ही अक्षरं असणार कुठून? नवा फॉन्ट घातला नाही, तर त्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. एखाद्या आजोबांनी नातीच्या पत्रिकेसाठी सिंधीत चार ओळी लिहून दिल्या आणि त्यात मधेमधे चौकोन उमटले, तर कसं वाटेल त्यांना?

याच्या उलट घोटाळाही होतो. नव्या विंडोजवर जुनी मराठी पत्रिका उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी लिपीतली भेंडोळी दिसतात. काका म्हणतात, "नव्या विंडोजने मराठी खाल्लं!" तसं नसतं हो. पूर्वीचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरं बसवत. तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये घालायचा राहिला, की आतली मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अशा वेळी जुना फॉन्ट पुन्हा घातला की बहुतेक वेळा काम भागतं. त्यासाठी विंडोज बदलायची गरज नाही.

उघडं दार

जुन्या सिस्टीमचा आणखी एक धोका आहे. दाराचं कुलूप तुटलं तर दुरुस्त करून देणारा माणूस लागतो. एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा. इंग्लंडमधल्या रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती, ते सापडले. एक्सपीची मुदत कधीच संपली होती, तरी तिच्यासाठीही मायक्रोसॉफ्टला तेव्हा खास दुरुस्ती काढावी लागली.

मग काकांनी करायचं काय? घाई झाली असेल आणि दहा दिवस उलटले नसतील, तर नव्या फाइलींची प्रत काढून 'गो बॅक' करावं आणि लग्नसराई पार पाडावी. मुदत टळली असेल, तर एखादा जुना कॉम्प्युटर फक्त त्या प्रिंटरसाठी ठेवावा. त्याला इंटरनेट जोडायचं नाही, आणि पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावायचा नाही. सिंधी ओळी, हिशेब आणि ई-मेल ही कामं नव्या विंडोजवर होऊ द्या. जुनं की नवं हे भांडण सोडून कुठलं काम कुणाकडे द्यायचं एवढं ठरवलं, की निम्मा प्रश्न सुटतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द. मोबाइलचं गणित याहून कडक आहे. अँड्रॉइड फोनमध्ये जुन्या आवृत्तीवर जाताना बहुधा सगळा फोन पुसला जातो, आणि काही कंपन्या जाऊच देत नाहीत. ॲपल तर जुन्या आवृत्तीला मान्यता देणं काही काळाने थांबवते. म्हणून 'अपडेट' दाबण्याआधी फोटोंची प्रत काढा.

या रविवारी करून पाहा

१. घरातल्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, सिस्टीम आणि मग अबाउट असं उघडा. विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिटांची आहे की ६४, हे वहीत लिहा.

२. प्रिंटरचं आणि स्कॅनरचं पूर्ण नाव व मॉडेल लिहा. घरात वापरात असलेल्या मराठी फॉन्टची नावंही लिहा.

३. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. मग त्या प्रतीतल्या चार-पाच फाइली उघडून पाहा. प्रत काढली पण ती उघडतच नाही, असं पुष्कळदा होतं!

४. वहीच्या पानावर तारीख घाला आणि ती वही आईच्या किंवा बाबांच्या ताब्यात द्या.

नवी विंडोज घालण्याचा दिवस येईल, तेव्हा आधी ही वही उघडा. परतीची वाट पुढे निघण्याआधीच आखून ठेवायची असते. मग पुढे जायलाही भीती वाटत नाही. पटतंय ना?