कडुनिंबाची हद्द

बीड नगरपालिकेच्या हद्दीतला कडुनिंब तोडायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हद्दीबाहेरच्या शिवारात तसाच कडुनिंब मालकाने आडवा केला, तर वृक्षतोडीचा कायदा त्याला अडवत नाही. शहरांसाठी 1975 चा कायदा आहे आणि तो सर्वच झाडांना लागू होतो. गावांसाठी 1964 चा आहे. त्याला अनुसूचीतल्या 16 जातीच तेवढ्या दिसतात. त्यात साग, आंबा, चिंच, मोह, चंदन आहेत, कोकणातला किंजळ आहे, अगदी खारफुटीसुद्धा आहे. (बीडमध्ये खारफुटी तोडायला कोण जाणार?) इथल्या बांधावर आणि गायरानात सावली धरून असलेले कडुनिंब, बाभूळ, वड, उंबर मात्र यादीत नाहीत. बाभळीच्या शेंगांवर उन्हाळ्यात शेळ्या जगतात, लिंबाखाली भर दुपारी माणसे आणि जनावरे टेकतात. आधीच जंगल कमी असलेल्या या दुष्काळी जिल्ह्यात झाडाची किंमत अशी ठरते, निव्वळ इमारती लाकडावरून नाही. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने बेकायदा तोडीचा दंड एक हजारावरून 50 हजार करायचे ठरवले, तेव्हा सगळा वाद आकड्यावरच रंगला. यादीत नसलेल्या झाडासाठी दंड हजार असला काय आणि लाख असला काय?

यादी वाढवली तर शेतकरी कचेरीचे खेटे घालील आणि त्या धास्तीने बांधावरचे रोप कोवळे असतानाच उपटील, हा आक्षेप खरा आहे. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसा लागला की बांधावरचे झाडच विकले जाते, हेही खरे. म्हणून सरसकट बंदी नको. जातीऐवजी खोडाचा घेर धरावा; स्वतः लावलेली निलगिरी, सुबाभूळ मोकळी ठेवावी. मोठ्या झाडाचा अर्ज ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे. शेतकऱ्याने जुने झाड राखलेच, तर त्याचा मोबदलाही मिळायला हवा. सावली गावाची आणि तोटा एकट्याचा, हा न्याय नव्हे. शहरांच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक झाले. पाटोदा किंवा शिरूर कासारच्या शिवारातल्या शंभर वर्षांच्या वडाला हाच नियम लावायचा, तर विधिमंडळाने आधी 1964 ची यादी उघडायला हवी.